अननसाच्या शेतापलीकडे

पिशीनं एकच अट घातली होती. रेल्वेनं जायचं नाही.

“रात्री गाडीत चढायचं आणि सकाळी डोळे चोळत न्यू जलपाईगुडीला उतरायचं, याला काय प्रवास म्हणतात?” ती म्हणाली. “मधल्या सगळ्या नद्या झोपेत निघून जातात. मला त्या बघायच्यात. एकेक.”

“अगं दिदी, आपण डोंगरात चाललोय,” बाबा म्हणाले. “नद्यांची हजेरी घ्यायला नाही.”

“तू झोप वाटेत. हजेरी मी घेते.”

पिशी म्हणजे बाबांची थोरली बहीण, हैमंती मोइत्रा. कृष्णनगरच्या मुलींच्या शाळेत तिनं जन्मभर भूगोल शिकवला. आमच्या गावातल्या कुठल्याही बाईला हिमालय काढायला सांगा, ती खडू आडवा धरून एका दमात काढेल, कारण पिशीनं तो तसा शिकवलाय. स्वतः पिशी मात्र बहरमपूरच्या पुढे कधी गेली नव्हती. आधी ठाकुरदांना, म्हणजे आजोबांना, अर्धांगवायू झाला, ते बरीच वर्षं पडून होते. मग ठाकुमानं, आजीनं, अंथरूण धरलं. घरी कुणीतरी राहायला हवं होतं. ते कुणीतरी म्हणजे पिशी, हे इतकं ठरलेलं होतं की ते कधी कुणी ठरवलंच नव्हतं.

बाबा मात्र दुर्गापूजेच्या सुट्टीत वर्षाआड डोंगरात जायचे. कधी मित्रांबरोबर, कधी मला आणि माला, म्हणजे आईला, घेऊन. दार्जिलिंग, पेलिंग, लावा, सगळं झालं. आणि एवढं करून त्यांना कांचनजंगा एकदाही दिसला नव्हता. प्रत्येक वेळी ढग. आम्ही परतीला निघालो की दुसऱ्या दिवशी आकाश लख्ख. कचेरीत लोक त्यांना विचारायचे, “प्रणवेशदा, यंदा तरी तोंड दाखवलं का नवरीनं?” बाबा हसायचे, पण घरी आल्यावर जेवणात त्यांचं लक्ष नसायचं.

माघात ठाकुमा गेली. त्याच वर्षी बाबा निवृत्त झाले. कोजागरीची लक्ष्मीपूजा आटोपल्यावर कालिम्पाँगचा बेत निघाला तेव्हा मा सहज म्हणाली, “दिदीपण येतील की.” बाबांनी वर्तमानपत्रातून मान वर केली. “हो, येऊ दे ना,” ते म्हणाले, जणू दर वेळी हेच व्हायचं.

गाडी माझी होती, जुनी घेतलेली, लहानशी, लाल. चालवणार मी. बाबांना गाडी येत नाही, पण ते शेजारी बसून पायानं ब्रेक दाबत असतात. मागे मा आणि पिशी, आणि दोघींच्या मध्ये लुच्यांचा, म्हणजे मैद्याच्या पुऱ्यांचा डबा, नारळाचे नाडू म्हणजे लाडू, सरपुरिया मिठाईचं खोकं आणि चुरमुऱ्यांची एवढी मोठी पिशवी की आरशात मला रस्ता कमी आणि चुरमुरे जास्त दिसत होते.

गावाबाहेर पडता पडताच जलंगी लागली. पिशीनं काच खाली केली. “जलंगी,” ती हळूच म्हणाली. ही नदी तिनं रोज पाहिलेली, पण त्या दिवशी तिनं ती पहिल्यांदा भेटल्यासारखी पाहिली. बहरमपूरला भागीरथी ओलांडली आणि पिशीच्या ओळखीचा मुलूख संपला. त्यानंतर ती बोलायचीच थांबली.

तो दिवस आठवला की मला तो दिवस वाटतच नाही, पाण्यातून पाहिलेलं काहीतरी वाटतं. दोन्ही बाजूंना काशफुलं पिकून पांढरी झालेली, वाऱ्यावर त्यांचा कापूस उडून काचेवर येत होता. तळ्यांमध्ये बदकं होती आणि बदकांखाली उलटी बदकं. कुठल्याशा गावात पूजेचा मांडव अर्धा सोडलेला होता, आणि त्या बांबूंच्या सांगाड्यात एक बकरी देवीच्या जागी उभी होती. बाबा घोरत होते. मा मधूनच माझ्या तोंडात नाडू कोंबत होती.

फराक्क्याला ट्रकांची रांग लागली. धरणावरून गाडी मुंगीच्या चालीनं सरकत होती. एका बाजूला गंगा पसरलेली, पलीकडचा काठ नव्हताच, करड्या पाण्याचंच आकाश झालेलं. पिशी दोन्ही हात खिडकीच्या काठावर ठेवून बसली होती.

“इथे मी फळ्यावर धरण म्हणून एक काट मारायचे,” ती म्हणाली. “एवढीशी. काट केवढी लांब आहे बघ, झिनुक.”

“पिशीमा, खाली उतरायचंय? गाडी तशीही उभीच आहे.”

“नको. उतरले तर परत बसणार नाही.”

आम्ही हसलो. तीही हसली.

मालदाला महानंदा आली, रायगंजला कुलिक. दिवेलागणीला इस्लामपूरला पोचलो आणि एका लॉजवर उतरलो. वरणभात खाऊन सगळे आडवे झाले.

पहाटे निघालो तेव्हा धुकं होतं. बाबांनी नेमानं उलटीची गोळी घेतली. डोंगर सुरू व्हायच्या आधी घ्यायची म्हणून ते दर वेळी घेतात, आणि दर वेळी त्या गोळीनं त्यांना मेल्यासारखी झोप लागते. “मी जरा मागे पडतो,” ते म्हणाले, आणि कानटोपी घालून माच्या खांद्यावर कलंडले. पिशी पुढे माझ्याशेजारी आली. थोड्याच वेळात माही झोपली.

विधाननगरच्या आसपास पुढचं चाक पंक्चर झालं. मी गाडी कडेला घेतली. रस्त्यालगत अननसाची शेतं होती, दूरवर, काटेरी हिरव्या पानांच्या ओळीच ओळी, आणि प्रत्येक पानावर दव. धुकं गुडघ्याएवढं, जमिनीलगत. वर आकाश मात्र धुतल्यासारखं. आदल्या आठवड्यात पाऊस पडून गेला होता.

“तू चाक बघ,” पिशी म्हणाली, “मी जरा पाय मोकळे करते.”

मी जॅक लावला, चाक काढलं, दुसरं बसवलं. हात पुसत उठले तर पिशी दिसेना. मग दिसली. शेताच्या बांधावरून बरीच आत गेली होती. धुक्यात तिचे पाय बुडालेले, त्यामुळे ती पांढऱ्या पाण्यात गुडघाभर उभी असल्यासारखी वाटत होती. साडीचा पदर तसाच लोंबत होता. ती हलत नव्हती. मला वाटलं, हिला काहीतरी होतंय. मी धावत गेले.

“पिशीमा?”

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. “ढग नाहीत ते,” ती म्हणाली.

मी वर पाहिलं.

अननसाच्या शेतापलीकडे चहाचा छोटासा मळा होता. त्याच्यापलीकडे निळसर झाडं, त्यांच्यावर निळाच पट्टा, आणि त्याच्याही वर, जिथे काही असायचं कारण नव्हतं इतक्या वर, तो होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. गुलाबी सरून सोनेरी होत चाललेला. त्याला खाली पायच नव्हते. आकाशात कुणीतरी निजलंय आणि आता कूस बदलेल, असं वाटत होतं.

“कुंभकर्ण,” पिशी म्हणाली. तिचा आवाज वर्गातला होता, पण फार हळू. “मग काब्रू. ते मधलं, उंच. आणि तो टोकाचा पांडिम.” जरा थांबली. “मी उजवी उतरण चुकीची काढायचे. इतकी सरळ नाहीये ती. एवढ्या मुलींना चुकीची शिकवली मी.”

“बाबा!” मला एकदम आठवलं. “पिशीमा, बाबांना उठवते!”

मी वळले तेवढ्यात तिनं माझं मनगट धरलं. घट्ट. पिशीचा हात एवढा घट्ट असेल हे मला माहीत नव्हतं.

“थांब,” ती म्हणाली. “जरा थांब, झिनुक. थोडा वेळ.”

“अगं पण...”

“थोडा वेळ माझा एकटीचा असू दे.”

मग तिच्या लक्षात आलं असावं. “तू आहेस. तू चालतेस,” ती म्हणाली आणि मनगट सोडलं.

मी थांबले. किती वेळ, ते सांगता येणार नाही. सोनेरी रंग गेला आणि पांढरा आला. दूर कुठेतरी कोंबडा आरवला. पिशी रडत नव्हती. तिचा चेहरा जेवायला बसलेल्या, खूप भूक लागलेल्या माणसासारखा होता. शेवटी तिनं डोळे मिटले, उघडले, आणि स्वतःच गाडीकडे चालू लागली.

बाबांना उठवायला फार त्रास झाला. “प्रणव, ऊठ. कांचनजंगा,” पिशी म्हणत होती, आणि बाबा “हो हो, पुढच्या स्टेशनला,” असं काहीतरी पुटपुटत होते. मग अचानक जागे झाले. चप्पल न घालता उतरले. बांधावरून पळत सुटले, अननसाची पानं पोटऱ्यांना ओरबाडत होती तरी थांबले नाहीत. पण तोवर उन्हानं धुकं वर उचललं होतं. उत्तरेला नुसती दुधाळ पांढुरकी भिंत होती.

“कुठे?” बाबा म्हणाले. “कुठे गं?”

बाबा तोंड उघडं टाकून पाहत राहिले. मी म्हणणार होते की आताच गेला, आत्ता, आम्हालाही नीट दिसला नाही. पण पिशीनं खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं.

“बराच वेळ होता,” ती म्हणाली. “झिनुक तुला उठवायला येत होती. मी थांबवलं.”

“का?”

“तुला उठवलं असतं तर तो तुझा झाला असता, प्रणव. तू ओरडला असतास, फोटो काढले असतेस, रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांना बोलावून दाखवला असतास. आणि मी तुझ्या पाठीमागे उभी राहून म्हटलं असतं, वा, प्रणवला शेवटी दिसला.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग गाडीत जाऊन बसले.

“आणि मला का नाही उठवलंत?” मागून मा म्हणाली. ती तेव्हा कुठे पूर्ण जागी झाली होती. “मी काय नुसत्या लुच्या तळायला आलेय?” पण कुणी हसलं नाही.

सिलिगुडीत घामाच्या धारा लागल्या होत्या, तरी बाबांनी कानटोपी काढली नाही. उलट ती पुढे ओढून घेतली, नुसतं नाक बाहेर. सेवकच्या पुढे रस्ता चढू लागला. सागाचं आणि सालवृक्षांचं जंगल दोन्हीकडून जवळ आलं. उजवीकडे खाली तिस्ता होती, हिरवी, इतकी हिरवी की खोटी वाटावी. कृष्णनगरहून निघाल्यापासून पिशी या नदीची वाट पाहत होती.

“पिशीमा, तिस्ता,” मी म्हणाले.

“दिसतेय,” ती म्हणाली.

नदी वळणावळणानं आमच्याबरोबर चालली. मग आम्ही तिला सोडून वर निघालो आणि ढगात शिरलो. दिवसाढवळ्या दिवे लावावे लागले. समोरून गाड्या येण्याआधी त्यांचे भोंगे यायचे. मधूनच पांढऱ्यातून एखादं घर निघायचं, खिडकीत लाल जिरेनियम, दारात केस विंचरणारी म्हातारी, आणि पुन्हा मिटून जायचं. गाडीत चौघं होतो आणि चौघंही आपापल्या ढगात होतो.

कालिम्पाँगला आम्ही उतरलो ते सुनकेशरी प्रधान नावाच्या बाईंकडे. दुर्पिन टेकडीच्या वाटेवर त्यांचं लाकडी घर होतं, त्यातल्या चार खोल्या त्या पाहुण्यांना द्यायच्या. बाकी वेळ त्यांचा फुलांत जायचा. अंगणभर डेलिया, लहान मुलाच्या डोक्याएवढे.

“दाजू, व्हरांड्यातून समोरच हिमाल दिसतो,” त्यांनी बाबांना उत्साहानं सांगितलं. “म्हणजे, दिसतो तेव्हा.”

“माहितीय,” बाबा म्हणाले.

ढग हलले नाहीत. ते खोलीत यायचे, उशीवर बसायचे, कपडे वाळू द्यायचे नाहीत. बाबा रोज पहाटे उठून व्हरांड्यात खुर्ची टाकायचे आणि शाल गुंडाळून त्या पांढऱ्याकडे पाहत राहायचे. पिशी व्हरांड्यात फिरकायची नाही. ती सुनकेशरींच्या मागे फुलांत असायची, नाहीतर एकटीच उतारांवरून चालत सुटायची आणि ओल्या चपलांनी परतायची. जेवताना दोघं एकमेकांना मीठ द्यायची, पण माझ्या हातून.

“तुम्ही तरी बोला,” मा बाबांना म्हणाली. “साठी उलटली दोघांची.”

“मी कुठे काय म्हणतोय?”

“तेच तर. काहीच म्हणत नाही.”

एका सकाळी मला जाग आली तर बाहेर दोन खुर्च्या होत्या. पिशी दुसऱ्या खुर्चीवर, चहाचा पेला दोन्ही हातांत. खिडकी अर्धी उघडी होती. मी पांघरुणातून हलले नाही.

बराच वेळ दोघंही पांढऱ्याकडे बघत बसली. मग बाबा म्हणाले, “कसा होता?”

पिशीनं पेला खाली ठेवला. तिनं बाबांचा हात ओढून घेतला, तळवा वर केला आणि त्यावर बोट टेकवलं. “हा कुंभकर्ण. इथून चढतो. इथे एक खाच. मग असं वर, वर, अजून वर. इथे. आणि ही उतरण बघ, ही मी आजवर चुकीची काढत आले. ही अशी आहे. मध्येच थांबते आणि मग उतरते.”

“थांबते?”

“हो. दम खाल्ल्यासारखी.”

बाबांनी डोळे मिटले होते. “पुन्हा काढ,” ते म्हणाले. तिनं पुन्हा काढला.

“दिदी,” जरा वेळानं बाबा म्हणाले, “मी निघायचो तेव्हा तुला राग यायचा?”

“यायचा तर. डब्यात लुच्या भरून द्यायचे, दारात उभी राहून सुखरूप जा म्हणून दुग्गा दुग्गा म्हणायचे, आणि तू गल्लीच्या वळणावर दिसेनासा झालास की आत जाऊन भांडी घासायचे. घासलेलीच. राख घेऊन, तासभर.”

बाबांनी शाल जरा सारखी केली. मग म्हणाले, “तरीच आईची पितळेची भांडी एवढी चकचकीत असायची.”

पिशीला हसू फुटलं. आधी नाकातून, मग मोठ्यानं, मग तिला ठसकाच लागला. बाबाही हसायला लागले. दोघं म्हातारी माणसं ढगात बसून इतकी हसत होती की सुनकेशरी दारात येऊन बघून गेल्या. पण हसता हसता बाबांनी शालीचं टोक डोळ्यांना लावलं आणि ते बराच वेळ तिथून काढलं नाही. पिशीनं त्यांचा हात अजून धरलेलाच होता.

निघायच्या दिवशीही ढगच होते. मी सामान गाडीत भरत होते. माची बॅग आली, बाबांची आली, चुरमुऱ्यांची रिकामी पिशवी आली.

“पिशीमा, तुझी?”

पिशी पायरीवर उभी होती. अंगात सुनकेशरींचा लोकरी कोट, तो तिला आखूड होत होता. “मी नाही येत,” ती म्हणाली.

“म्हणजे?” मा म्हणाली.

“सुनकेशरीशी बोललेय मी. कोपऱ्यातली खोली देतेय ती. थंडीत इथे कुणी येत नाही.”

“अहो दिदी, पण घर? घरचं कोण बघणार?”

“घरी तुम्ही आहात ना, श्यामली,” पिशी म्हणाली. “आता तुमच्यापैकी कुणीतरी थांबा घरी.”

ती हे हसत म्हणाली, पण मा एकदम खाली बघायला लागली. मग पुढे होऊन तिनं पिशीच्या कोटाची वरची गुंडी लावली.

“थंडी पडेल,” बाबा म्हणाले. “तुझे गुडघे आहेत. इथे चढउतार. डॉक्टर कुठे असतो ते तरी माहीत आहे का?”

“बाजारात. तीनदा जाऊन आलेय त्या गल्लीत.”

“आणि समजा दिसलाच नाही? महिनाभर ढगच राहिले तर?”

“तर ढग बघेन. घाई कुणाला आहे?”

बाबा गाडीपर्यंत गेले, परत आले. डोक्यावरची कानटोपी काढून त्यांनी ती पिशीच्या डोक्यावर घातली, लहान मुलाला घालतात तशी, हनुवटीखालून नीट ओढून. “दुग्गा दुग्गा,” ते म्हणाले आणि घाईनं पाठ फिरवून गाडीत बसले.

वळणावर मी आरशात पाहिलं. डेलिया दिसले, पायरी दिसली, मग ढगानं सगळं पुसलं.

घरी आल्यावर बाबा रोज सकाळी फोन करायचे. नमस्कार नाही, तब्येत नाही. “दिसतोय?” पलीकडून पिशी म्हणायची, “नाही रे. आज तर अंगणसुद्धा नाही दिसत.” मग तिनं काय खाल्लं आणि गुडघे कसे आहेत ते. असं कार्तिकभर चाललं. एका सकाळी बाबांनी विचारलं आणि पिशी नुसती “हो” म्हणाली. त्यापुढे दोघंही बोलली नाहीत. बाबा गच्चीच्या कठड्याशी फोन कानाला लावून उभे, डोळे मिटलेले. त्यांनी गॅसवर ठेवलेलं दूध उतू गेलं, माचा आरडाओरडा झाला, तरी ते तसेच.

पौषात ते एकटेच वर गेले. दोन दिवसांसाठी म्हणून गेले. आठवडा झाला, पंधरवडा झाला, मा आता मजेत एकटीच सिनेमे बघू लागली, तरी यायचं नाव नाही. शेवटी मी फोन केला.

“बाबा, दिसला का?”

“हं? कोण? हो, दिसला की. रोजच दिसतो,” बाबा म्हणाले. “ते राहू दे. तुझ्या पिशीचं काय करायचं ते सांग. मला रोज बाजारापर्यंत चालवते, खाली आणि वर! नेपाळीत घासाघीस करते, मला एक अक्षर कळत नाही. आणि व्हरांड्यात ऊन येतं ती एकच जागा आहे, झिनुक, एकच, ती रोज हिनं आधीच पकडलेली असते.”

“लवकर उठत जा मग!” मागून पिशीचा आवाज आला.